वरून घातलेलं कुलूप

"माझे कान तुम्ही बंद केलेत, साहेब!" बैठकीच्या इतिवृत्ताचा कागद नाचवत साहेब माझ्या टेबलाशी आले, तेव्हा मी सगळ्या ऑफिसासमोर सांगितलं.

माझं श्रवणयंत्र ब्लूटूथने लॅपटॉपला जोडलेलं असतं. ऑनलाइन बैठकीतला आवाज थेट कानात येतो. सोमवारी तो आलाच नाही. लॅपटॉपच्या कडेचं ब्लूटूथचं बटण चालू होतं, पण स्क्रीनवरचं करडं पडलेलं. कितीही दाबलं तरी ढिम्म. संगणक विभागातला पारकर समोर बसून म्हणाला, "ताई, बटण तुमच्या हातात, पण कुलूप वरून घातलंय. सुरक्षेसाठी सगळ्यांचंच बंद. साहेबांचा हुकूम."

सगळ्यांचे हेडफोन बंद झाले, माझे कान गेले. साहेबांना मेल केला, तर उत्तर आलं, "ओठ वाचा ना." बैठकीत यांचा कॅमेरासुद्धा बंद असतो!

तरी इतिवृत्त लिहायचं काम माझ्याच गळ्यात. मग लिहिलं, "साहेब पाऊण तास बोलले. काय बोलले ते कळले नाही, कारण ऐकण्याची सोय त्यांनीच बंद केली आहे." आणि दिलं सगळ्यांना पाठवून.

"हे मागे घ्या," साहेबांनी कागद टेबलावर आपटला. "मुख्य कार्यालयापर्यंत गेलंय!"

"जाऊ दे की. खोटं काय लिहिलं मी?"

साहेब मान फिरवून खिडकीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

मी उठले आणि खिडकी अडवून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"कुलूप कधी काढताय, साहेब? माझ्याकडे बघून सांगा."