तेलाचं बोट

जनाने वर्तमानपत्राची पुडी तेजश्रीच्या ओट्यावर आपटली.

"उघड. तू दिलेला निरोध हाय. काल फाटला."

तेजश्री लोधिवलीची आशाताई. तिने पुडी उघडली; आत रबराची चिंधी होती. जनाचा नवरा दत्ता एचआयव्ही पॉझिटिव्ह होता, औषधं सुरू होऊन जेमतेम महिना झालेला. जना निगेटिव्ह होती आणि तिला तसंच राहायचं होतं. गावात हे या तिघांनाच ठाऊक.

"तूच बोललीस ना गं, यातून व्हायरस पलीकडं जात नाय?"

"जातच नाय! ज्यातून पाणी गळत नाय त्यातून व्हायरस कुठून जाणार? पण निरोध धड पायजे." तेजश्रीचा आवाज चढला. "तारीख बघितलीस? का दत्तानं टेंपोत उन्हात टाकलावता?"

"तारीख बघितली. कपाटात सावलीत ठेवलावता. सगळं तू शिकवलंस तसंच केलं."

"मग फाटेल कसा? कायतरी घोळ घातला असणार तुमीच. तुमा लोकांना शंभर वेळा सांगा, तरी आपलं तेच!"

जनाने पुडी तिच्यापुढे सरकवली.

"खोबरेल पण लावलं. तू लावलंवतंस तसं."

तेजश्रीला अंगणवाडीतला तो दिवस आठवला. गेल्या महिन्यात अंगणवाडीत बायकांना दाखवायला तिने घरचं लाटणं नेलं होतं. कोरड्या लाकडावर रबर चढेना. बायका फिदीफिदी हसायला लागल्या, तशी ओशाळून तिने लाटण्याला तेलाचं बोट फासलं आणि निरोध सरकन चढवला. वर सगळ्यांकडे ऐटीत बघितलंही. तेलाने हे रबर कमजोर होऊन फाटतं, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिने स्कूटीची किल्ली उचलली. "चल, बस गाडीवर. लागण रोखायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या असतात. जितक्या लवकर तितकं बरं. सरकारी दवाखान्यात मिळतात."

"मग नाय होणार मला?"

"बहुतेक नाय होत. पण महिनाभर एकपण गोळी चुकवायची नाय."

जना मागे बसली. तिने तेजश्रीच्या खांद्याला हात लावला नाही, मागची दांडी घट्ट धरली.

"त्या दिवशीच्या सगळ्या बायकांना आजच गोळा करते," तेजश्री पुटपुटली. "तेल लावायचं नाय म्हणून सांगते. तुझं नाव नाय घेणार, जना."

"नकोच घेऊ. आनि कुना बाईनं तेल लावलं आनि फाटलं, असं पण बोलायचं नाय." जनाने मागूनच ठणकावलं. "तेल तू लावलंस. तसंच सांग."