पिवळ्या फितीच्या अलीकडे

वारा पाठीवर घ्यायचा, तोंडावर नाही.

सासूबाईंच्या फोनमध्ये दोन्ही जावयांचे नंबर आहेत. धाकट्याचा ‘जावईबापू’ या नावाने. थोरल्याचा ‘ॲम्ब्युलन्स’ या नावाने.

निळा ड्रम आडवा झाला की लेबल नेमकं खाली जातं.

धाकट्याला पोहता येतं, गाता येतं, फक्त घोरता येत नाही, असं त्याची बायको चारचौघांत सांगते.

काचेपलीकडे एक बोट हललं.

थोरला त्या बोटाकडे बघत होता. आत लादीवर त्याचा साडू कुशीवर पडला होता आणि भोवती हिरवट पाणी पसरलं होतं. गोदाम साडूचंच. फरशी, संडास, पोहण्याचे तलाव, सगळ्याची साफसफाईची रसायनं तिथे भरलेली. मालक छातीला हात लावून ड्रमावर कोसळले, असं हमालाने फोनवर सांगितलं होतं.

थोरल्याने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. ॲम्ब्युलन्स लांब, वाऱ्याच्या बाजूला उभी केली. ड्रायव्हरला आतच बसवलं. दुर्बिणीतून ड्रमाचं लेबल वाचता येतं का पाहिलं, येत नव्हतं. मग एकटाच पुढे गेला, हवा मोजायचं मीटर दाराच्या फटीशी धरलं, खिशात टाकलं, मागे आला आणि पिवळी फीत बांधायला घेतली.

हमाल ओला रुमाल तोंडाला बांधून आत निघाला होता. थोरल्याने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. एका टाकीत असेच तिघे एकामागून एक उतरले होते, तिघांच्याही तोंडाला ओले रुमाल होते, आणि तिघांनाही आपणच झाकून नेलं, असं त्याने हमालाला समजावलं. हमालाने तोंडावरचा रुमाल सोडला.

अकरा वर्षांपूर्वी धाकटा सासरच्या घरात आला. त्याआधी चार वर्षं जावई म्हणून त्या घरात एकच माणूस होता. आता सासऱ्यांचे गुडघे धाकटा ठरवेल त्या डॉक्टरकडे जायचे. धाकट्याचा विनोद पुरा व्हायच्या आधी थोरल्याची बायको हसायची. तेही त्याने गिळलं होतं. पण मागच्या आठवड्यात त्याच्या मुलीने ‘माझा आदर्श’ हा निबंध लिहिला, आणि तो काकांवर लिहिला. बायकोने तो माहेरी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या. त्यानेही वाजवल्या.

तेवढ्यात मेहुणी धावत आली. त्यांचं घर गोदामाच्या मागेच होतं.

“भाऊजी, यांचा हात हलतोय.”

“दिसतंय मला.”

“मग?”

“मास्कवाले निघालेत. वीस मिनिटं लागतील.”

“हवेत आहे तरी काय?”

“ते कळेपर्यंतच थांबायचं असतं.”

ती फितीखालून वाकली. त्याने तिचा दंड धरला.

“तू आत गेलीस तर मला दोघांना बाहेर काढावं लागेल,” तो म्हणाला. “पोराकडे कोण बघणार?”

ती थांबली. मग त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फीत ताणून धरली.

नवव्या मिनिटाला बोट थांबलं. त्याने घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली, दोन एकोणीस. तशी पद्धत आहे.

मास्कवाले बाविसाव्या मिनिटाला आले. पाठीवर हवेच्या टाक्या लावून आत गेले आणि साडूला उचलून घेऊन आले. मग त्याने फीत सोडली, गुडघ्यांवर बसला आणि साडूच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब द्यायला लागला. घामाने निथळला तरी थांबला नाही. शेवटी ड्रायव्हरने त्याला बाजूला केलं.

झटका हृदयाचा होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेळेत मदत मिळाली असती तर वाचले असते, हेही सांगितलं, पण हळू आवाजात. ड्रमात हात धुवायचा साबण निघाला. बाहेर उभ्या माणसाला हे कळायला काही मार्ग नव्हता, असं चौकशीत लिहिलं गेलं.

पुढच्या प्रशिक्षणात साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. सासरे मुद्दाम आले होते, पहिल्या रांगेत बसले होते.

“स्वतःचा साडू आत पडलेला असताना हा माणूस जागचा हलला नाही,” साहेब म्हणाले. “शिस्त म्हणतात ती ही.”

निघताना सासऱ्यांनी त्याचा हात बराच वेळ हातात धरला. घराला यंदा रंग द्यायचाय, कुठला लावायचा ते तुम्हीच सांगा, म्हणाले.

दोन वाजून दहा मिनिटांनी, दाराच्या फटीशी धरलेल्या मीटरवर, प्राणवायू पुरेपूर होता आणि विषारी वायू शून्य.