जनावरांच्या वाटा

"त्यांना सांगा, बाई, सही मी आधी करणार नाही," थोरला म्हणाला.

धाकटा दोन हात अंतरावरच उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. तरी उद्यान खात्याच्या अधिकारीबाईंनी मान वळवून निरोप पोचवला आणि त्याच मानेनं धाकट्याचा परतीचा आणला: मोठ्यांचा मान मोठ्यांनीच घ्यावा, आपल्याला घाई नाही.

घाई बाईंना होती. सभा चारला होती आणि दोन वाजून गेले होते. या दोघा भावांची ही जमीन शहरानं विकत घेऊन तिथे निसर्ग उद्यान करावं, हा त्यांचा प्रस्ताव तीन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरून आज सभेपुढे येणार होता. दोन्ही भावांच्या सह्या नसल्या तर तो बाद होणार होता. पुढचं उघड होतं. बापांच्या पश्चात काय करायचं ते दोघांच्या मुलांनी बिल्डरशी बोलून ठेवलं होतं. तेवढ्या एका बाबतीत त्या चुलतभावांचं छान जमत होतं.

झाडं इथे कोणी लावली नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी दोघे भाऊ कोर्टात गेले. निकाल लागेपर्यंत जमीन जैसे थे ठेवावी, दोघांपैकी कोणीही आत पाऊल टाकू नये, असा हुकूम झाला. निकाल अजून लागायचा होता. तोवर जंगल उगवलं. मागच्या सभेत एक सदस्य म्हणाला होता, दोघांचं भांडण आणि झाडांचा लाभ. जे फुकट वाढलंय ते विकत कशाला घ्यायचं? सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या आणि घरी गेल्यावर त्यांना त्या हसण्याचा राग आला होता.

सही करण्याआधी दोन्ही मालकांनी जागा एकत्र फिरून पाहायची होती. आजच्यापुरती कोर्टाकडून तशी परवानगी मिळाली होती. थोरला त्याच्या घराकडच्या फाटकातून आला, धाकटा त्याच्या. बाई मधून चालत नकाशा समजावत होत्या. कडेनं लोकांना फिरायला रस्ता. मधला भाग मात्र कुंपण घालून बंद.

"म्हणजे मध्ये कोणीच जायचं नाही?" थोरल्यानं विचारलं.

"माणसांनी नाही, काका."

धाकटा चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला. बाईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

बुजलेल्या विहिरीपाशी त्या थांबल्या. सगळीकडे कमरेएवढं गवत होतं, पण धाकट्याच्या फाटकाकडून वीतभर रुंदीची उघडी माती सरळ विहिरीपर्यंत आली होती. अशी वाट महिन्या-दोन महिन्यांत पडत नाही. ती एका सपाट दगडाशी संपत होती. दगड बसून बसून गुळगुळीत झाला होता.

"ही वाट कोणाची?" बाईंनी विचारलं.

धाकट्याचा चेहरा उतरला. हुकूम मोडला एवढं कागदावर आलं असतं, तर थोरल्याच्या वकिलानं एकतीस वर्षांचा दावा आठवड्यात जिंकून दाखवला असता.

थोरल्यानं वाट पाहिली. दगड पाहिला. त्याला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"जनावराची असेल," तो म्हणाला.

बाईंनी विहिरीला वळसा घातला. पलीकडूनही एक वाट येत होती, थोरल्याच्या फाटकाकडून. तीही एका दगडाशीच संपत होती. दोन दगडांमध्ये चार पावलांचं अंतर होतं.

"आणि ही?"

या वेळी धाकटा बोलला. "तीही जनावराचीच. हे वयानं मोठं असावं." तो वाकला. वाटेच्या एका कडेला हात-हातभर अंतरावर गोल भोकं पडलेली होती. "तीन पायांचं दिसतंय."

थोरल्यानं हातातली काठी हळूच पाठीमागे घेतली.

कोणी हसलं नाही. बाईंचा फोन थरथरला, त्यांनी तो न बघताच बंद केला.

"कुंपण जनावरांनाही का?" थोरल्यानं विचारलं. निरोप कोणाला द्यायचा ते त्यानं सांगितलं नाही.

"नाही. त्यांच्या वाटा नकाशावर दाखवाव्या लागतात. तिथे कुंपणाला फट ठेवतो."

"केवढी?"

बाईंनी दोघांकडे पाहिलं. "जनावराएवढी," त्या म्हणाल्या.

"मग दाखवा."

सरकारी नकाशावर जाणूनबुजून खोटं काढायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांनी पेन्सिल काढली. एका फाटकाकडून ठिपके निघाले, दुसऱ्याकडून निघाले आणि विहिरीपाशी येऊन थांबले. मध्ये नखाएवढी जागा कोरी राहिली. ती त्यांच्या डोळ्यांना खुपली.

"हे जोडून टाकू का?"

"नको," दोघे एकदम म्हणाले.

मग थोरल्यानं विहिरीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली आणि धाकट्यानं तिच्या खाली. बाईंनी कागद पिशवीत टाकले आणि जवळजवळ पळतच निघाल्या. अकरा सदस्य बाजूनं होते, अकरा विरुद्ध, आणि एक कायम झोपलेला. त्याला आज कोण जागं करतं यावर सगळं होतं.

मागे दोघे तसेच उभे राहिले. दुसऱ्याच्या देखत आपल्या वाटेला लागायला एकही तयार नव्हता. थोरल्यानं काठी उचलली आणि ती कुठे टेकावी हे न कळून तशीच हवेत धरून ठेवली.