यंदा गवत बांधायचं नाही

फाटकातून आत येताच द्वारकाताई जागच्या जागी थबकल्या. त्यांचा लाकडी बंगला पायापासून पागोळीपर्यंत वाळल्या गवतानं गच्च बांधलेला होता.

महाबळेश्वरचा पाऊस फळ्या खाऊन टाकतो, म्हणून मे महिन्यात भिंतींना असं गवत बांधावंच लागतं. यंदा मात्र ते बांधायचं नाही, असं ताईंनी ठरवलं होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात कुण्या गोऱ्या साहेबानं उभारलेला आणि सासऱ्यांनी हौसेनं घेतलेला हा बंगला हेरिटेजच्या यादीत गेला आणि ताईंच्या गळ्यात पडला. पाडायची परवानगी नाही, साधी फळी बदलायची तरी खेटे घाला, आणि असलं घर विकत घेणार कोण? वाळवीशी झुंजून त्या आता थकल्या होत्या. एकदाचा पावसानंच काय तो निकाल लावावा, म्हणून गवताचं कुणाला काही न बोलता त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला साताऱ्याला लेकीकडे गेल्या होत्या. आज आल्या त्या फक्त भांडी न्यायला.

शेजारचे बावळेकर अंगावरची कुसळं झटकत पुढे आले. "डोळ्याच्या ऑपरेशनमुळं तुमचं राहून गेलं ना, ताई? अख्ख्या आळीनं मिळून उरकलं बघा."

ताईंनी नव्या डोळ्यांनी बघितलं. कुठं बोटभर फट सुटली नव्हती.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

"आता दरवर्षी आम्हीच बांधत जाऊ. तुम्ही काळजीच सोडा!"

भांड्यांसाठी आणलेली रिकामी पिशवी ताईंनी खुंटीला अडकवली आणि सगळ्यांच्या चहाचं आधण ठेवलं.