काका लग्नाला आले नाहीत

माझे सासरे मंत्री, म्हणून निवडणूक आयुक्त असलेले माझे सख्खे काका माझ्या लग्नाला आले नाहीत. "या खुर्चीत बसलं की नातीगोती दाराबाहेर ठेवावी लागतात, पोरी," असं फोनवर म्हणाले. बाबांना फार लागलं, तरी ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे, "माझा भाऊ कोणाच्या कपभर चहाचाही मिंधा नाही!"

निवृत्त झाल्या झाल्या काका सासऱ्यांच्याच पक्षात गेले. टीव्हीवर दोघांची गळाभेट बघून बाबा उठून गेले. रात्री मी सासऱ्यांना तोंडावरच विचारलं, "मग माझ्या लग्नालाच काय झालं होतं त्यांना?"



सासरे हसले. "अगं, ते तर निघाले होते. मीच म्हटलं, येऊ नका. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, तोच आपल्या कामाचा आहे."