सवतीचं पान

सरूनं पानावर दुसरा वडा ठेवला आणि पुन्हा दाराकडं पाहिलं.

"दाराकडं बघून येणारा माणूस थांबत न्हाई," पाटावर बसलेली बानू म्हणाली. "खीर वाढ."

सकाळीच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्यानं निरोप आणला होता. सरूचा नवरा सर्जेराव आज जीप घेऊन यवतला येणार होता. त्यानं वैष्णवीची सोयरीक जमवली होती. पोरगी नववीत. अकरा वर्षांत तिला साधा फ्रॉक न घेतलेल्या बापाला आता पंचायतीला उभं राहायचं होतं आणि पाहुणे वजनदार होते. वैष्णवी पाचला शाळेतून आली, की तिला जीपमध्ये घालून तो निघणार होता.

आणि सरूला त्याला अडवता येणार नव्हतं. ती वैष्णवीची सावत्र आई होती.

खरी आई धुरपदा. पोरगी दहा महिन्यांची असताना धुणं धुवायला गेली आणि भीमेच्या पुरानं नेली, प्रेतही सापडलं नाही, असं सर्जेराव सांगायचा. तेरावं झालं आणि चौथ्या महिन्यात त्यानं सरूशी लग्न लावलं. दुःख फार दिवस घरात ठेवून घेणारा माणूस नव्हता तो. धुरपदाचा एक फोटोसुद्धा नव्हता. सासूनं चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती उठवून घेतली आणि तो टाक सरूच्या गळ्यात बांधला. मेलेल्या सवतीचा मान पहिला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं.

दोन वर्षं मार खाल्ल्यावर सरू पोरीला काखेत मारून यवतला आली आणि हायवेवरच्या ढाब्यात भाकऱ्या थापायला लागली. टाक मात्र तिनं काढला नाही. नवरा सोडला, पण सवतीला सोडायची तिची छाती झाली नाही.

आणि भीती उगाच नव्हती. पहिल्या महिन्यात ती पोरीला खोलीत कोंडून कामाला जायची. एके दुपारी येऊन पाहते, तर वैष्णवीचं तोंड स्वच्छ पुसलेलं आणि हाताला केळ्याचा वास.

"कोण आलं हुतं गं?"

"आई," तीन वर्षांची पोर गजांच्या खिडकीकडं बोट दाखवून म्हणाली.

धुरपदा आपली पोर न्यायला आली, यात तिला तीळभरही शंका उरली नाही. ढाब्यावरची म्हातारी म्हणाली, पितृपक्षातल्या अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घाल, म्हणजे शांत होईल. पण नवरा सोडून आलेल्या बाईच्या घरी, तेही बुडालेल्या बाईच्या नावानं जेवायला गल्लीतली एक बाई तयार होईना. समोरच्या खोलीत नुकतीच राहायला आलेली बानू तेवढी आली.

"मी चालंन का बघ," ती म्हणाली होती. "नवरा जित्ता हाय माझा. नांदत न्हाई, एवढंच."

तेव्हापासून दरसाल, आजसुद्धा, नवमीच्या पाटावर बानूच. ती पोल्ट्रीत अंडी निवडायला जायची. दोघींनी कामाच्या वेळा अशा लावून घेतल्या, की एक कामावर तर दुसरी पोरीपाशी. वैष्णवीला गोवर निघाला तेव्हा बानू सात दिवस हलली नाही. कामावरून काढलं, तरी हलली नाही. शाळेत पालक म्हणून दोघी जायच्या आणि गुरुजींना कुणाशी बोलावं ते कळायचं नाही. सरूला सख्खी बहीण नव्हती, पण असती तर बानूपेक्षा वेगळी कशी असती, हे तिला सांगता आलं नसतं.

खिडकीतली बाई पुन्हा आली नाही. पान पावलं, असं सरू म्हणायची.

बानूनं एकदा तो टाक उलटासुलटा करून पाहिला होता. "हिचं नाक बघ की. भज्यावानी."

"मेलेल्या माणसाची चेष्टा करू नगं. पोरगी न्हील ती माझी."

बानूनं टाक सरूच्या गळ्यात नीट सोडला. मग म्हणाली, "न्ह्यायची आसती तर कवाच न्हेली आसती. तुझ्यापाशी बरी हाय म्हणून ठिवलीया."

बाहेर जीप थांबली. बानूनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दाराकडं पाठ करून जेवायला सुरुवात केली.

सर्जेराव चपलांसकट आत आला. "पोरीची कापडं भर."

"तिची शाळा हाय," सरू म्हणाली. ती त्याच्या पुढ्यातून हलली नाही. "मी न्हाई धाडणार."

"तू कोण? जल्म दिलास व्हय तिला? तिच्या आईनं सांगितलं आसतं तर ऐकलं आसतं. ती गेली भीमंत. व्हय बाजूला."

अकरा वर्षं ती ह्याच बोलण्याला भीत आली होती.

बानूनं हातातला घास खाली ठेवला. पदर मागं सारला आणि बसल्या जागेवरून वळून पाहिलं.

"पोरगी हितंच ऱ्हाईल," ती म्हणाली.

सर्जेरावाचं तोंड उघडंच राहिलं. तो बानूकडं बघायचा, वाढलेल्या पानाकडं बघायचा, पुन्हा बानूकडं बघायचा. हात जोडायला गेला तर हात जुळेनात. मागं सरकताना उंबऱ्याला अडखळून पडला, उठला आणि जीप तिथंच सोडून हायवेकडं पळत सुटला. ड्रायव्हर "आप्पा, आवं आप्पा" करत त्याच्या मागं धावला.

सरू मटकन पानापाशी बसली. टाक मुठीत घट्ट धरलेला.

"आली ती, बानू. हितंच आली. त्येला दिसली. आता माझ्या पोरीला न्हेणार ती."

"न्हाई न्हेणार," बानू म्हणाली. "त्येला वाटू दे भूत. तू तुझं ताट घे आन् बस शेजारी. अकरा वर्सं माझ्याच नावानं वाढतीस, आन् मला एकटीलाच जेवायला लावतीस."