जीप रुतंल

वेल्ह्याच्या चिखलात मागचं एकच चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून गेनूअण्णा जीप घेऊन कापूरहोळला दिलावर मिस्त्रीच्या गॅरेजात आले. “दोन्ही चाकं एकदम फिरायला पायजेत, दिलावरभाई. पर स्वस्तातलं बगा.”

दिलावरने वेल्डिंगचा होल्डर उचलला. मागच्या धुऱ्यातली दातेरी चक्रं वेल्डिंगने डागून कायमची जखडली की काम स्वस्तात होणार होतं. चिखलात जीप सुसाट निघाली असती आणि पाबे घाटातल्या वळणावर, दोन्ही चाकांना कमीजास्त फिरता न आल्याने, स्टिअरिंगला न जुमानता सरळ दरीकडे गेली असती. चार पावसाळ्यांपूर्वी त्याची बायको नुजहत वेल्ह्याला माहेरी बाळंतपणात अडली, तेव्हा दिलावरने याच अण्णांचे पाय धरले होते. “जीप रुतंल,” म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. दवाखाना गाठण्याआधीच नुजहत गेली.

दिलावरने होल्डर खाली ठेवला. भंगारातल्या एका गाडीचा, दोन्ही चाकं हवी तेव्हाच एकत्र जखडणारा लॉक त्याने दिवसभर खपून बसवला. मजुरीही घेतली नाही.

अण्णांना भरून आलं. “मागचं इसरलात म्हना की!”

“न्हाई, अण्णा,” हात पुसत दिलावर म्हणाला. “आता भर पावसात कुनीबी दारात आलं, तरी ‘जीप रुतंल’ म्हनायची सोय म्या तुमाला ठेवली न्हाई.”